'ह्रदय' नव्हे, 'हृदय'

ती. मामा,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे खुर्चीतूनच, मनाने पूर्ण आडवा आहे असं समजा). तुम्ही आणि मामी मजेत असाल. फोनवर तुम्ही नेहमी 'ठणठणीत' म्हणता. मी डॉक्टर असल्यामुळे कुणाच्या सांगण्यावर पटकन विश्वास ठेवत नाही, पण ते असो.

आमच्या घरात सध्या एकच भांडण चालू आहे. इंटरनेटवर एक आरोग्य-कट्टा आहे. तिथे लोक टोपणनावाने दुखणी विचारतात आणि माझ्यासारखे डॉक्टर फुकट उत्तरं देतात. बायको म्हणते, मी डोकं दुखतंय म्हटलं तर 'हवेमुळे असेल' एवढ्यावर बोळवण, आणि तिथे कुणाच्या गुडघ्यावर चार-चार परिच्छेद! मिळतं तरी काय? काय सांगू, मामा. आधी वाटलं, समाजसेवा. मग पाहिलं, तर तिथे प्रत्येक उत्तराखाली 'आभार' मोजतात, आणि आमच्या गल्लीतला कातडीचा डॉक्टर ('खाजवू नका' यापलीकडे एक अक्षर लिहीत नाही) माझ्या चाळीस आभार पुढे! त्या ईर्ष्येपायी मी जेवता जेवता मूळव्याधीवर लिहिलं, तेही मोठ्याने वाचत. बायको ताट घेऊन आत गेली. पण खरं सांगू? दवाखान्यात माणूस चिठ्ठी घेऊन उठतो, पुढे त्याचं काय झालं ते कळतच नाही. कट्ट्यावर आठवड्याने कुणीतरी लिहितं, 'डॉक्टर, तुमचं ऐकलं, आता झोप लागते.' बास! तेवढ्यावर मी दिवसभर शीळ घालत फिरतो.

गेले तीन दिवस मात्र शीळ बंद आहे. 'स्वल्पविराम' नावाच्या कुणा गृहस्थांनी विचारलं, 'माझ्या एका मित्राला' (हा मित्र सगळ्यांनाच असतो) दोन जिने चढले की छातीवर दडपण येतं, थांबलं की जातं. मी हातातलं काम टाकून लिहिलं, हे ह्रदयाचं दुखणं असू शकतं, मित्राला आजच्या आज तपासून घ्या. उत्तर काय यावं? "'ह्रदय' नव्हे, 'हृदय'. ह ला ऋ." मी निमूट दुरुस्त करून पुन्हा विनवलं, 'ताबडतोब!!' तर म्हणे, एक उद्गारचिन्ह पुरे. काल माझा एक अनुस्वार खोडला, आणि खाली कंसात, मित्राला आता एकाच जिन्यात दम लागतो. मामा, माणूस बुडतोय आणि हाका मारणाऱ्याचं व्याकरण तपासतोय! मला भयंकर राग आलाय, आणि त्याहून जास्त भीती वाटतेय.

बाकी क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला, दुसऱ्या मजल्यावर राहणारा आणि 'ऋ'साठी माझा कान पिळलेला माणूस जगात एकच आहे. पत्र आणणारे कंपाउंडर गाडी घेऊन आलेत. 'मित्राला' खुर्चीत बसवून खाली आणायला आणखी दोघं आहेत. मी दवाखान्यात ईसीजीचं मशीन लावून बसलोय.

ता. क. २ : हे पत्र बायकोने, भांडण बाजूला ठेवून, दोनदा तपासलंय. एकही चूक सापडणार नाही. तेव्हा या वेळी उत्तर छातीबद्दलच द्या.