हार कुठं बांधायचा

९ ऑगस्ट १९७०, नगर
रविवार. वसंताची ड्यूटी नव्हती. एस.टी.त कंडक्टर झाल्यापासून तो मोटारींवर जरा जास्तच अधिकाराने बोलतो. कँपातल्या रद्दीवाल्याकडची दोन विलायती मासिकं हॉटेलात उघडली. (आधी टेबल पुसून घेतलं.) पुन्हा तेच भांडण. त्याला गोल अंगाची इंग्रजी गाडी आवडते. लांब नाक, तारांची चाकं, तोंडाला चकचकीत जाळी. मला इटलीची नवी. पुढे निमुळती, जाळी नाही, दिवे झाकणाखाली लपलेले. आम्ही तिला पाचरच म्हणतो.
वसंता : "ही गाडी आहे का विळीचं पातं?"
मी : "आणि तुझी? वापरून झिजलेली साबणाची वडी."
चहावाला म्हणाला, तुम्ही दोघंही शेवटी एस.टी.नेच जाणार, चहा गार होतोय.

१७ ऑगस्ट
गॅरेजात श्रीगोंद्याचे बापूराव आले. ऊसबागाईतदार. वयाने माझ्याएवढेच, पण आमचे मालक अण्णा त्यांना अहोजाहो करतात म्हणून मीही. त्यांची दोन दारांची जुनी विलायती गाडी बाभळीवर गेली. पुढचा पत्रा सगळा चेपला, इंजिन शाबूत. म्हणाले, "होती तशी नको अण्णा. स्पोर्टगाडीसारखं करा कायतरी."
अण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "हा सारखी चित्रं काढत बसतो. काढ रे दत्तू."
ते गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "तुझं नाक त्यांना पसंत पडलं आणि गाडीवर टिकलं, तर तुला पत्राकामावर घेतो. नाहीतर तुझा पॉलिश पेपर आहेच."
आठवी सोडली तेव्हापासून पॉलिश पेपरच घासतोय. रात्री जेवण गेलं नाही.

२१ ऑगस्ट
भिंतीवर खडूने खऱ्या मापाचं नाक काढलं. पाचरच. रेषा तीनदा पुसली. अण्णांनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. "पावसाचं पाणी छान निथळेल." ही स्तुती धरावी का?
वसंता संध्याकाळी येऊन गेला. "कपाळ नाही, तोंड नाही. मिशी काढलेल्या फौजदारासारखी दिसते."

२४ ऑगस्ट
बापूराव भिंतीसमोर उभे. मान तिरकी करून पाहिलं. मग म्हणाले, "आयला, उभ्या जागीच पळतीया की!"
पसंत!! दसऱ्याला गाडी पाहिजे.

१३ सप्टेंबर
रोज काम. अण्णा पत्रा ठोकतात, मी धरतो, माप सांगतो. जाळी आणि बंपर काढून भंगारात. रेडिएटरला हवा खालून घेतली. दिव्यांची झाकणं सायकलच्या ब्रेकच्या तारेवर. आतून मूठ ओढली की दोन्ही दिवे वर येतात. डावा जरा उशिरा.
अण्णा : "डोळा मारतेय रे ही."
आज तार पुन्हा नीट केली. आता मारत नाही. थोडं वाईट वाटलं.

२ ऑक्टोबर
रंग झाला. लाल. घटस्थापनेला पहिला हात दिला, आज शेवटचा. ऊन खाली आलं की नाकावरून एकच रेष सरळ काचेपर्यंत जाते. वसंताने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, काही बोलला नाही. म्हणजे आवडली.

५ ऑक्टोबर
वाईट दिवस. क्रमाने लिहितो.
बापूराव आईला घेऊन आले. आईंनी गाडीवरून हात फिरवला. "रंग लई ग्वाड हाय." मग पुढे आल्या, वाकून पाहिलं, आणि म्हणाल्या, "दसऱ्याला हार कुठं बांधायचा?"
नगर जिल्ह्यात दसऱ्याला हाराशिवाय ट्रॅक्टर निघत नाही, पाण्याचं इंजिन निघत नाही, आणि मला हे सुचलं नाही! दर दसऱ्याला गॅरेजातल्या गाड्यांच्या जाळ्यांना हार बांधतो कोण? मीच.
अण्णांनी गॅरेजातल्या देवाच्या फोटोवरचा हार काढून नाकावर ठेवून पाहिला. घसरला. पुन्हा ठेवला. घसरला.
बापूराव : "आई, आरशाला बांधू."
"आरसा काय तोंड हाय का? म्होरं बांधत्यात हार. हिला तोंडच न्हाई बाबा. मी न्हाई बसायची."
बापूराव निघताना अण्णांच्या कानाशी म्हणाले, जुनी जाळी ठोकून सरळ होत असेल तर बसवा. माझ्याकडे पाहिलं नाही.

६ ऑक्टोबर
अण्णांनी भंगारातून जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली आहे. माझ्या रेषेवर बसवली तर ती गाडी धड पाचरही राहणार नाही, धड जुनीही. बाजूला हूक लावावेत का? हूक म्हणजे बैलाची वेसण दिसेल. वसंताला सांगितलं तर पोट धरून हसला. "इटलीत दसरा असता तर त्यांनीही जाळी ठेवली असती!" मग मात्र मासिकं घेऊन बसला माझ्याबरोबर. सगळ्या पाचरी पाहिल्या. हाराची सोय एकीलाही नाही.

८ ऑक्टोबर
सापडलं. अण्णा झाकणाच्या तारेला तेल देत होते. मूठ ओढली, दिवे वर आले, आणि मी ओरडलोच. दोन खुंट्या! मध्ये दोरी बांधून पाहिली. मस्त लोंबते.
अण्णा : "आणि झाकण मिटायचं कसं?"
मी : "हार असेतो मिटायचं नाही."
"मग पाचर कुठं राहिली?"
मी दोरी सोडून झाकणं मिटवून दाखवली. जाळी अजून बसवलेली नाही.

१० ऑक्टोबर, दसरा
बापूराव आणि आई सकाळीच आले. दिवे वर केले. झेंडूचा जाड हार, मध्ये आंब्याची पानं. नाकावर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं, नारळ. आई मागे सरून म्हणाल्या, "आता बघतीया बग माझ्याकडं." आणि बसल्या! दार लावून घेतलं, पदर सावरला.
वसंता कानात : "तुझ्या पाचरीचा बेडूक झाला." खरं आहे. पण सुंदर बेडूक.
अण्णांनी पत्राकामाचा विषय काढला नाही, मीही नाही. बापूराव एवढंच म्हणाले, "हार वाळला की बघू जाळीचं."

१८ ऑक्टोबर
वसंता श्रीगोंद्याच्या फेरीवर होता. तिथे बाजारात गाडी दिसली. हार काढलेला, दिवे वरच, भर दुपारी. तो म्हणतो तार अडकली असणार. मी म्हणतो आईंसाठी मुद्दाम वर ठेवलेत. दोन चहा झाले, निकाल नाही.

२० ऑक्टोबर
बापूरावांचा निरोप : उद्या गाडी आणतो, काम आहे. काय काम, ते निरोप आणणाऱ्याला माहीत नाही.
अण्णांनी जुनी जाळी पुसून ठेवली. शेजारी कोरा पत्राही उभा केला. "दोन्ही असू दे."
पत्र्याचा एक कोपरा वाकलेला होता. अण्णांची हातोडी घेऊन तेवढा सरळ केला. त्यांनी पाहिलं, पण हातोडी परत मागितली नाही.