डावा स्पीकर

कसबा पेठ, पुणे

प्रिय सुनू,

बाबा हल्ली फोनवर तुटक बोलतात, चटकन ठेवून देतात, अशी तुझी तक्रार आहे. तिच्यावरच येतोय, पण आधी आपल्या अँप्लिफायरची हकीकत ऐक. तुझी आई ज्याला सवत म्हणायची, तोच.

जुन्या बाजारातून मी तो उचलून आणला तेव्हा तिनं अबोला धरला होता. पुढे स्वतःच त्याच्यावर गाणी ऐकायला बसायची. तिची ती कॅसेट आठवते ना? ती स्वयंपाकघरात गात होती आणि मी गुपचूप टेप केलं. अंतरा अर्धा सोडून ती म्हणते, "अहो, ते यंत्र बंद करा आधी, दूध उतू जातंय!" ती गेल्यापासून चारच्या चहाला मी तीच कॅसेट लावतो. खरं सांगू, गाण्यापेक्षा मी त्या दुधाचीच वाट बघत असतो.

दिवाळीनंतर डाव्या स्पीकरचा आवाज बसला. कॅसेट घरगुती, दोन्हीकडे सारखंच वाजायला हवं. म्हटलं, अँप्लिफायरमधला काचेचा एखादा व्हॉल्व्ह गेला असणार. अँप्लिफायर बंद केला, पुरता गार होऊ दिला आणि तुला शिकवलं होतं तसे डावीकडचे व्हॉल्व्ह उजवीकडे, उजवीकडचे डावीकडे घातले. दोष व्हॉल्व्हचा असला की तो त्याच्याबरोबर जागा बदलतो. इथे बदलला नाही. तरी मन मानेना. मिळेल तिथून नवी जोडी पैदा केली, बसवली. काचेत छान तांबूस उजेड आला, आणि डावीकडे पुन्हा तेच रडगाणं. आवाज वाढवला तर वरचे आप्पासाहेब जिना उतरून आले. म्हणाले, "श्यामसुंदरराव, वहिनींचं गाणं ऐकायला आम्ही खाली येत जाऊ. वर पाठवायची तसदी घेऊ नका."

परवा डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून खुर्ची उलटी फिरवली. कॅसेट चालूच होती. स्पीकरांकडे पाठ झाली आणि डावा ठणठणीत वाजायला लागला, उजवा बसला. पुन्हा तोंड फिरवलं, पुन्हा डावा गेला. दोष माझ्याबरोबर जागा बदलत होता, सुनू. चहा तसाच निवून गेला.

कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. डावा कान जवळजवळ गेलाच आहे आणि उजवाही त्याच वाटेवर आहे. फोनवर तुझे शब्द मला तुकड्यातुकड्यांनी येतात, म्हणून मी तुटक बोलतो गं. कानाला यंत्र लावलं की बोलणं कळेल म्हणाले. गाण्याचं विचारायचा मला धीर झाला नाही.

तर लिहायचं कारण असं, की येत्या रविवारी ये आणि अँप्लिफायर धायरीला तुझ्या घरी घेऊन जा. व्हॉल्व्ह नवे आहेत, तुला पुष्कळ पुरतील. पण नेण्याआधी चारला चहा घेऊ, कॅसेट लावू, तू माझ्या उजव्या हाताला बस. ते दुधाचं वाक्य मला ऐकू येतं की नुसतं पाठ आहे म्हणून येतं, हे मला आता कळेनासं झालंय आणि त्याची फार भीती वाटते. तू नीट ऐक. ती बोलली की माझ्या हातावर हात ठेव.

तुझाच,
बाबा