मधल्या स्पीकरचा आवाज

प्रिय बाबा,

आज दुपारी रिसीव्हर बसला. तुम्ही गेल्याला आठ महिने झाले, आणि ज्या डब्यासाठी तुम्ही सदर बाजारातल्या दुकानांचे उंबरे झिजवलेत, तो शेवटी मी आणि आईनं जाऊन आणला. ही बातमी तुम्हाला दुसऱ्या कुणी द्यावी, हे मला बरं वाटेना. म्हणून लिहायला बसले.

छावणीतले मेजरसाहेब बदलीवर निघाले, तेव्हा त्यांनी आपले पाच स्पीकर तुम्हाला देऊन टाकले होते. त्यांचा रिसीव्हर विजेच्या झटक्यानं जळला होता, स्पीकर मात्र धडधाकट. तुम्ही स्कूटरवरून तीन खेपा करून ते झाशीतल्या आपल्या प्रेमनगरच्या घरी आणलेत, सुती फडक्यानं पुसलेत आणि बैठकीत ओळीनं उभे केलेत. आई म्हणाली, "अहो, पण हे बोलणार कसे?" त्यावर तुमचं उत्तर मला अजून आठवतं. "ह्यांना एक रिसालदार लागतो. सिनेमातला आवाज घ्यायचा आणि कुणी काय बोलायचं, कुणी गप्प राहायचं, ते वाटून द्यायचं. तो रिसालदार म्हणजे रिसीव्हर."

रणगाड्यांच्या रेजिमेंटमधला माणूस दुसरी कुठली उपमा देणार!

मला वाटलं, आठवड्याभरात घेऊन टाकाल. तुम्ही चार महिने नुसते शोधत राहिलात, बाबा! मी गरौठ्याच्या बँकेतून शनिवारी संध्याकाळी घरी यायची, तर जेवणाच्या ताटावर हाच विषय. सात चॅनलचा, म्हणजे सात स्पीकर चालवणारा, की पाच चॅनलचा? स्पीकर सहा ओमचे आहेत, त्यांना हा झेपेल का? टीव्हीची तार कुठल्या भोकात? मी मान हलवायची आणि भाकरी मोडायची.

एका रविवारी तुम्ही मला साहूजींच्या दुकानात घेऊन गेलात. बिचाऱ्यांनी उत्साहानं एका मारामारीच्या सिनेमातला प्रसंग लावला. पूल उडाला, गाड्या उलटल्या, दुकानाची काच थरथरली. "देखिए दादा, क्या दम है!" तुम्ही कानावर हात धरून उभे होतात.

"भैया, धमाके मैंने बहुत सुने हैं," तुम्ही म्हणालात. "वो जो औरत कोने में खड़ी है, वो क्या बोल रही है, ये सुनाइए."

साहूजी हसले. मीही हसले. आम्हा दोघांना वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, त्याची ही तऱ्हा. बबीन्याच्या लष्करी मैदानावर इतकी वर्षं तोफा डागून तुमचा उजवा कान गेला होता, आणि डावाही निम्माच उरला होता. तुम्ही टीव्ही मोठ्यानं लावता, हे अख्ख्या गल्लीला माहीत होतं.

मग मी काय केलं? तुम्हाला न विचारता एक साउंडबार मागवला. एकच लांब पट्टी, टीव्हीखाली ठेवली की झालं. मला वाटलं, केवढं मोठं काम उरकलं! पुढच्या शनिवारी आले तर तो परत खोक्यात, वर दोरीची गाठसुद्धा मारलेली.

"चांगला आहे गं, पण सगळी माणसं एकाच जागेवरून बोलतात त्याच्यात," तुम्ही म्हणालात.

आणि मी ते वाक्य बोलले. तुम्हाला आठवत असेलच. "बाबा, तुम्हाला धड ऐकूच येत नाही, मग कोण कुठून बोलतं ह्यानं तुम्हाला काय फरक पडतो?"

तुम्ही रागावला नाहीत. रागावायला हवं होतं. तुम्ही नुसतं "बरं, बघू" म्हणालात आणि चष्मा पुसत अंगणात गेलात. आई स्वयंपाकघराच्या दारातून सगळं ऐकत होती. मी सोमवारी पहाटेच्या बसनं गरौठ्याला गेले. बसमध्ये वाटलं होतं, फोन करावा. केला नाही. पुढच्या शनिवारी करू, समोरासमोर बोलू. तो शनिवार यायच्या आधीच, गुरुवारी सकाळी दाढी करताना तुमच्या छातीत कळ आली.

दहाव्या-बाराव्यानंतरचे दिवस सोडून देते. ते सगळ्यांच्या घरी सारखेच असतात.

गेल्या महिन्यात मी ठरवलं की रिसीव्हर घ्यायचाच, आणि दुकानातला सगळ्यात मोठा घ्यायचा. नऊ चॅनल, काय वाटेल ते! माझ्या त्या वाक्याचं प्रायश्चित्त असं वजनदार असावं, असं मला वाटत असावं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी पण येते. ह्यांना कुठला हवा होता, ते मला ठाऊक आहे."

"तुला कसं ठाऊक? तू तर कधी दुकानात गेली नाहीस."

"कुठला आवाज कळतो, कुठला नाही, रोज माझ्यावरच तर परीक्षा घ्यायचे," ती म्हणाली. मग पदर चाळवत म्हणाली, "शुभी, मला टीव्हीवरची माणसं दिसत नाहीत गं. दोन वर्षं झाली."

बाबा, त्या क्षणी मला तुमचा फार राग आला. तो तुम्हाला सांगायचाच आहे, गेलात म्हणून सुटणार नाही! आईच्या डोळ्यांचा मधला भाग पुसला गेलाय. कडेकडेचं दिसतं, म्हणून घरात चालते, पोळ्या लाटते, फाटक उघडते. पण समोर कुणाकडे थेट पाहिलं तर चेहऱ्याच्या जागी धूर. माझा चेहरासुद्धा! तुम्ही दोघं ग्वाल्हेरला डॉक्टरकडे जाऊन आलात, आणि मला सांगितलंत की आत्याला भेटायला गेलो होतो. का? तिला पेपर वाचून दाखवताना मी तुम्हाला पाहिलं, तर म्हणालात, "तिचं डोकं दुखतंय." आणि माझा विश्वास बसला. शनिवारी येऊन सोमवारी जाणाऱ्या मुलीला फसवणं किती सोपं असतं, नाही?

आई म्हणाली, "तुझं प्रमोशन यायचं होतं. तू सगळं टाकून धावत आली असतीस. हे म्हणाले, इतक्यात नको." असा हिशेब लावताना तुम्ही मला एकदा तरी विचारायचं होतंत.

मग तिनं सगळं सांगितलं. तुम्ही दोघं दुपारी सिनेमा बघत होतात तो कसा बघत होतात. तिला चेहरे दिसत नाहीत, तुम्हाला शब्द ऐकू येत नाहीत. ती तुम्हाला सांगायची, "ती म्हणते, मी येणार नाही." तुम्ही तिला सांगायचात, "त्यानं पत्र फाडलं." टीव्हीच्या डाव्या बाजूनं आवाज आला की तिला कळायचं, सासू बोलतेय, उजवीकडून आला की सून. साउंडबारवर सगळ्या एकाच जागेवरून बोलायला लागल्या, आणि तिचा गोंधळ उडाला. कोण कुठून बोलतं, ह्यानं फरक पडत होता. तुम्हाला नव्हे, तिला. आणि मी तुम्हाला काय बोलले होते!

साहूजींच्या दुकानात आई गेली तेव्हा दोन्ही हात काउंटरवर टेकवून उभी राहिली. त्यांनी तो नऊ चॅनलवाला लावला. बोलणं नीट कळावं म्हणून त्यांनी आवाज चढवला, तेव्हा ती म्हणाली,

"भैया, आपने बोलना बढ़ाया तो शोर भी बढ़ गया. सिर्फ बोलना बढ़ाइए."

"अम्मा, उसके लिए टीव्ही पे मेन्यू खोलना पड़ेगा. फिर बीच वाले स्पीकर की आवाज़ अलग से बढ़ेगी."

"मेन्यू मुझे दिखता नहीं है, बेटा."

साहूजींनी हातातला रिमोट खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "दादा इसीलिए पूछते थे कि एक बटन पे हो जाएगा क्या! मैं समझा, उनको झंझट पसंद नहीं." त्यांनी मोठा डबा बंद केला आणि खालच्या फळीवरचा साधा, पाच चॅनलचा काढला. त्याच्या रिमोटवर वरच्या बाजूला बोटाला लागतील अशी चार उंच बटणं. एकेका बटणात आपल्याला हवी तशी मांडणी साठवून ठेवता येते. बहुतेक संवाद ज्यातून येतात त्या मधल्या स्पीकरचा आवाज त्यांनी वाढवला, धडामधुडुम खाली आणलं, आणि ते सगळं पहिल्या बटणात बसवलं. आईनं अंगठ्यानं बटण चाचपलं, दाबलं. कोपऱ्यातली एक बाई कुणाला तरी म्हणत होती, "पानी पी के जाना."

"हाच," आई म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं नाही. साहूजीही खोकं शोधायला उगीच आत गेले.

आज त्यांचे मिस्त्री घरी आले. तारा जोडल्या, स्पीकर भिंतीशी सारखे केले, मग एक छोटा माइक काढला. म्हणाले, ऐकणारा माणूस जिथे बसतो तिथे हा ठेवायचा. मशीन स्वतः आवाज काढून खोली मोजते. "कितने लोग बैठते हैं, अम्मा?"

"दो," आई म्हणाली. माइक आधी तिच्या जागेवर ठेवला, मग तुमच्या. पाचही स्पीकर पाळीपाळीनं शिट्ट्या मारत होते आणि मी दाराला टेकून उभी होते.

मिस्त्री गेल्यावर सिनेमा लावला. आई खूश होती, बाबा! "ही डावीकडून आली. हा मागे उभा आहे वाटतं?" असं तिचं चाललं होतं. मग एक लांब प्रसंग आला, त्यात कुणीच बोलत नव्हतं. नुसती पावलं, एक दार, भांड्याचा आवाज. मी आपली बघत बसले. थोड्या वेळानं आईनं मान वळवली. "अगं, काय चाललंय?"

मला हे सुचलंच नव्हतं! मी गडबडून हिंदीतच सांगायला लागले, पटपट, की वो उठा, बाहर गया. आई म्हणाली, "सावकाश. आणि मराठीत सांग. कसा उठला? रागानं की थकून?"

मला नीट बघावं लागलं. "थकून," मी म्हणाले. "आधी खुर्चीचा हात धरला. दाराशी थांबला. तिच्याकडे बघावं असं वाटतंय त्याला, पण बघत नाहीये." आईनं मान डोलावली आणि पाय वर घेऊन बसली.

बाबा, त्या वाक्याबद्दल माफी मागायला उशीर झालाय, तरी मागते. गरौठ्याहून झाशीला बदलीचा अर्ज मी दिला आहे. होईल तेव्हा होईल. पुढच्या महिन्यात ग्वाल्हेरच्या डॉक्टरकडे आईबरोबर मी जाणार आहे, आणि ते जे सांगतील ते तिला आणि मला, दोघींना एकदमच कळेल. तोवर दर रविवारी दुपारी मी तिच्या शेजारी बसेन आणि कुणी बोलत नसेल तेव्हा काय घडतंय ते मराठीत, सावकाश, काही न गाळता तिला सांगेन. शब्द अडला तर तिलाच विचारेन.

तुमची,
शुभी