जिभेखालचे थेंब

१४ जानेवारी
गांजाच तो! बाटलीवर ‘विजया’ असं सोज्वळ नाव छापलंय, एवढंच. नागपूरच्या डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, "झाड तेच, पण नशेचा भाग जवळजवळ नाही. लहान मुलांच्या मिरगीच्या काही प्रकारांत गुण येतो. तुमच्या मिसेसना येईलच अशी हमी नाही. जुन्या गोळ्या बंद करायच्या नाहीत." आणि मी — तीस वर्षं वनरक्षक, तुरीच्या ओळींत लपवलेली हीच झाडं उपटून पंचनामे करणारा — आता सकाळ-संध्याकाळ रंभाच्या जिभेखाली त्याचेच थेंब मोजणार!

येताना बसमध्ये रंभाने विचारलं, "याच्यानं थांबन का?"

म्हटलं, पाहू.

"थांबलं तं मी एकटी राजुऱ्याले जाईन. दादाजीच्या घरी." दादाजी तिचा धाकटा भाऊ. लग्नाला अडतीस वर्षं झाली, ती एकटी किराणा दुकानातही गेलेली नाही.

१९ जानेवारी
झटका. सकाळी, अंगणात. दोन मिनिटं. आधी म्हणाली, "मोहाचा वास येऊन राह्यला." जानेवारीत कुठला मोह फुलतो! पण झटक्याच्या आधी तिला नेहमी हाच वास येतो. मला हे कळायलाच वर्ष गेलं होतं. कळल्यापासून ती ‘मोह’ म्हणाली की मी धावलोच — खाली सतरंजी, कुशीवर वळवायचं, वाट पाहायची. शेजारचा कोलू अजूनही चप्पल हुंगवायला घेऊन येतो. आजही आला. हाकललं.

२ फेब्रुवारी
फार झोपते. डॉक्टरीणबाईंना फोन केला, त्यांनी थेंब कमी करायला सांगितले.

घर दुपारभर शांत. जुनं आठवत बसलो. नाक्यावरचं क्वार्टर, कुडाच्या भिंती, मागे बांबूचं रान. वैनगंगेवर आंघोळीला जायचो तेव्हा तिच्या पातळाचा पदर मनगटाला बांधून मी काठावर बसायचो. पाण्यात झटका आला तर ओढता यावं म्हणून! बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. रंभा म्हणायची, "गाय बांधली का मले?" काय दिवस होते!

चुलीजवळ तिला बसू द्यायचं नाही, म्हणून स्वयंपाक माझ्याकडे. नाक्यावरचे मजूर मलाच ‘रंभाबाई’ म्हणायचे. म्हणू दिलं. दुसरा असता तर बायको टाकली असती, असं अख्खं गाव म्हणतं. मीही कधी ‘तसं काही नाही’ म्हटलं नाही. ऐकायला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

२६ फेब्रुवारी
पाच आठवडे. एकही नाही!! मोठ्याने बोलायची भीती वाटते.

२३ मार्च
"मोहाचा वास येऊन राह्यला."

भाताचा गंज तिथेच टाकून धावलो. सतरंजी अंथरली, तिला धरून आडवी केली — तर ही हसतच सुटली. "अजी, सोडा ना! कोलूच्या धुऱ्यावरचा मोह फुलला. खराच वास येऊन राह्यला मले!"

मग दोघं त्याच्या शेताच्या बांधावर गेलो. फुलं वेचली, टोपलीभर. मी रडलो. कोलू पाहत होता, पाहू दे.

१२ एप्रिल
रक्ताचा रिपोर्ट आला. लिव्हर ठीक आहे, थेंब चालू ठेवायचे.

संध्याकाळी रंभा स्वयंपाकघरात आली. म्हणाली, "सरका." गॅस पेटवला. वरणात मीठ जास्त झालं. अंगणात येऊन बसलो. हातांना काम नाही. आनंद झाला, पण पुरता नाही झाला. हे लिहायलाही लाज वाटते.

५ मे
गेली. एकटी! नागभीडच्या स्टँडवर चंद्रपूरच्या गाडीत बसवून दिलं, पुढे राजुऱ्याची गाडी तिलाच धरायची. झटका आला तर काय करायचं याची चिठ्ठी लिहून दिली होती. तिने खिडकीतून परत केली. "मले सांगता येते." आठ दिवसांत येते म्हणाली.

१७ मे
बारा दिवस झाले. फोन केला. दादाजी म्हणाला, "भाऊजी, बाई लय खुश आहे. राहू द्या ना." बरं म्हटलं. किती दिवस राहू द्यायचं? आज एकट्यासाठी भात टाकला, तरी दोघांचा झाला.

२१ मे
आली.

जेवताना म्हणाली, "लग्नाच्या चवथ्या दिवशी तुमी माह्या बाबाले म्हणलं होतं ना, ‘खोटा माल देल्ला, वापस घेऊन जा’? मी दाराच्या मांगं होती. बाबा पाया पडले, म्हणून तुमी ठेवली."

हे मी आजवर कोणत्याच वहीत लिहिलं नव्हतं. विचारलं, मग आता?

"तवा तुमी ठेवली होती. आता मी आली."