सीटवरची उशी

अहो,

भाजी झाकून ठेवलीय, गरम करून घ्या. मी ताईकडे जातेय.

ऑफिसला जायला ती स्वस्तातली जुनी गाडी घ्यायची की नाही, ते रविवारी ठरवायचं होतं ना? म्हटलं, तुमचं मन कशाला मोडा. म्हणून दुपारी टेप घेऊन मागच्या गल्लीत तुमच्या मित्राकडे गेले, त्याच्या त्या गाडीच्या सीटकव्हरचं माप घ्यायला. शिवणकामवालीला दुसरं काय सुचणार! "वहिनी, गाडी चार महिने जागची हललेली नाही," असं तो म्हणाला, पण माझ्या नजरेला नजर देईना.

ड्रायव्हरच्या सीटवर तुमच्या कंबरेची उशी होती. महिन्यापूर्वी बसमध्ये विसरलात ना, तीच. हिरव्या दोऱ्याची ती दुहेरी शिवण माझ्याच हातची.

आणि बसमध्ये उभं राहून पाय मोडले म्हणत रोज माझ्याकडून पाय चेपून घेताय!

तेही सोडा. गाडीने ऑफिस वीस मिनिटांवर, बसने एक तास वीस मिनिटं. तुम्ही मात्र रोज बसच्याच वेळेला घरी येता. मधला तास कुठे जातो, तेवढं ताईकडे येऊन सांगा.

बसनेच या.