पाठ फिरवून उभं राहिलेलं गाव

८ मार्च
इतिहासाचं पान लिहून झालं! मंदिराचा जीर्णोद्धार संपत आला, चैत्र पौर्णिमेच्या जत्रेत कलश चढणार, त्यासाठी स्मरणिका. गावाचा इतिहास मी लिहायचा. रोजची पूजा माझ्याकडे आणि अक्षर बरं, म्हणून. धरणाचं पाणी चढू लागलं तेव्हा लोक जुनं गाव सोडून इथे टेकडीवर आले. मी लिहिलं — 'कै. कोंडिबांनी भैरवनाथाची शिळा पाटीत घालून डोक्यावरून वर आणली.' कोंडिबा माझे पणजोबा. म्हणून तर जत्रेतला पहिला नारळ आमच्या घराचा. यंदा तो मान माझ्या मुलाला, पियूषला.
वाक्य छान झालंय. तीनदा वाचलं.

१० मार्च
रंभाबाईंना पान वाचून दाखवलं. गावात सर्वांत म्हाताऱ्या त्याच. कोंडिबांचं नाव आलं तशा हसायलाच लागल्या. "त्यो? त्यो तर लांब पाठ फिरवून हुबा हुता! बसलेला देव जो हलवंल त्याचा वंश बुडतो म्हनत्यात. तुमच्यातलं कुनी हात लावंना. मग चांदभाई मुलाण्याला म्होरं घातला. सासूनं सांगितलंय मला."
मग माझ्याकडे बघत राहिल्या. "तुला ठावं न्हवतं व्हय रं?"
नाही म्हणालो.

११ मार्च
ठाऊक होतं.
नववीत होतो तेव्हा आजोबांनी सांगितलं होतं. ते त्या दिवशी दहा वर्षांचे, कोंडिबांचं बोट धरून उभे. सगळ्या गावाने देवळाकडे पाठ केली. पोरांनाही वळून बघू दिलं नाही. चांदभाई एकटे आत गेले आणि पोत्यात गुंडाळलेली शिळा पाटीत घेऊन बाहेर आले. टेकडीवर पोचल्यावर कोंडिबांनी शिळेवर पाणी ओतून ती 'शुद्ध' केली. त्यांचं काम एवढंच! त्यावर आमचा नारळ.
आजोबा म्हणाले होते, मनात ठेव. ठेवलं. आणि कागदावर भलतंच लिहिलं. आपला वंश वाचावा म्हणून दुसऱ्याचा पुढे केला — हे स्वतःच्या हाताने कसं लिहायचं?
आज पूजेत मंत्र दोनदा चुकला.

१६ मार्च
चांदभाईंचा पणतू नसीर. पौडला पंक्चरचं दुकान आहे त्याचं. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो. त्याने चहा मागवला, घरच्यांची विचारपूस केली. मी जत्रेची पत्रिका दिली. "इतिहास लिवलाय म्हनं. वाच की, दयाभाऊ."
वाचला. तेच वाक्य, त्याच्या तोंडासमोर! तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. म्हणाला, "झ्याक लिवलंय."
टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

२३ मार्च
कमिटीत बोललो एकदाचा. पान बदलू, पहिला नारळ नसीरच्या हातून फोडू. मग अध्यक्ष गेणबा म्हणाले, "दया, शंभर वर्सांचं उकरून काय करतुयास? पोराला नवा सदरा शिवलायस न्हवं? गप घाल त्याच्या अंगात."
हशा झाला. मीही हसलो.
आणि सुटल्यासारखं वाटलं. सगळ्यात वाईट तेच.

१२ एप्रिल
जत्रा झाली. पियूषने नारळ फोडला. नसीर अगदी मागे, डोक्यावर रुमाल टाकून उन्हात उभा. जेवायला थांबला, वाढायलाही लागला. पण गाभाऱ्याकडे एकदाही बघितलं नाही त्याने. रागावला असेल. रागवावंच.
स्मरणिका घरोघर गेली. आमच्या घरी पाच आल्या. बांधून माळ्यावर टाकल्या.

१४ एप्रिल
परत पौडला गेलो. यावेळी बसलो नाही, उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. कोंडिबांचं, आजोबांचं, माझं. माफ कर म्हणालो. नसीरने फडक्याला हात पुसले.
"मे मंदी पानी उतरलं की ये माज्यासंगं जुन्या देवळात. आमी दरसाल जातो."

२१ मे
चिखल तुडवत जुन्या जोत्यापर्यंत गेलो. गाभाऱ्याच्या जागी शिळा आहे. तिथेच रोवलेली, आमच्या देवाएवढीच, अंगावर शेंदराचे थरावर थर. नसीर म्हणाला, "आमच्याबी घरात लेकरं हुती, दयाभाऊ. पणज्याचा धीर झाला न्हाई. नदीतला गोटा नेला वर. ह्याला मातर शब्द दिला — दरसाल येऊ."
शेंदराची पुडी त्याने माझ्यापुढे धरली. मी आधी माझे हात धुतले.