रुमाल टाकलेली जागा

प्रिय संघदीप,

तुमच्या बँडचं ते गाणं आता इथे वरातीतही वाजतं. नको असलेल्या प्रेमाचं गाणं आणि वरातीत, पण आपल्या दारव्ह्यात ठेका मिळाला की शब्दांकडे कोण बघतं! आमचे हे तर बियाण्याच्या दुकानात दिवसभर तेच लावतात आणि गिऱ्हाइकाला सांगतात, "हे गानं आमच्या घरचीवर हाये बरं, भाऊ." दुसऱ्या कुणाचा नवरा चिडला असता. यांची कॉलर ताठ. मी लाजल्यासारखं करून आत निघून जायचे. खोटं कशाला बोलू, मला ते आवडत होतं.

गावाला वाटतं तेच मलाही वाटत होतं. यवतमाळच्या कॉलेजला जाताना तू जीपमध्ये खिडकीपाशी रुमाल टाकून जागा धरायचास आणि मी येऊन बसायचे. मागची पोरं खाकरायची. एकदा तर मी तुला ऐटीत सांगितलं होतं, माझ्या मागे लागू नकोस, घरचे रागावतील. तू गोंधळून नुसतं "बरं" म्हणालास. इतकी वर्षं मी त्या "बरं"ची कीव करत आले.

परवा मेथी निवडताना पहिल्यांदाच गाण्याचे शब्द नीट ऐकले. 'रुमाल टाकून जागा धरली, तू एसटीनं गेली.' हातातली जुडी तशीच राहिली. मी कधी एसटीनं गेले? मी तर रोज त्याच जागेवर बसत होते. एसटीनं जायची ती आपल्या कॉलेजातली वर्षा. पास आहे तर जीपला पैसे कायले द्यायचे, म्हणायची.

आणि तिला याचा पत्ताही नाही. आमच्या शेजारीच राहते. गाणं लागलं की अजून मला कोपरानं ढोसते, "साधने, तुयं गानं लागलं वं." मी हसते. पण आता तिचं सगळंच डोळ्यांत खुपतं. तिची नोकरी, तिची लांब वेणी, तिनं प्रेमानं आणून दिलेली जवसाची चटणीसुद्धा. जळते मी तिच्यावर, सरळच सांगते.

मुलाखतीत तू म्हणालास, यवतमाळच्या कार्यक्रमात त्या मुलीचं नाव सांगणार. यांनी पुढच्या रांगेतल्या तीन खुर्च्या घेऊन ठेवल्या आहेत. यांची, माझी आणि वर्षाची. म्हणून हे लिहितेय. तिचं नाव घेऊ नकोस. तिनं तुझ्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही, तिला त्याचं काय? माझं घे, खोटं असलं तरी घे. कुणाला नको असलेलं प्रेम त्या जीपमध्ये तुझं एकट्याचंच नव्हतं. एसटीचा पास माझ्याकडेही होता, संघदीप.

तुझीच, असं लिहायचा हक्क नसलेली,
साधना